चिमण्याचं माउथगार्ड

१

डबी रिकामी होती.

मामानं ती उलटी करून झटकली. आत बोट फिरवून पाहिलं. मग झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात डबीला दया येणार होती. काळजीत पडलेल्या माणसाचं असंच होतं; किल्ली हरवली की तो तोच खिसा पुन्हापुन्हा चाचपत बसतो.

दुपार टळत आली होती. संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये, दिव्यांच्या झोतात, मामाचा भाचा आयुष्यातली सर्वांत मोठी लढत लढणार होता. आणि दातांवर बसवायचं रबरी माउथगार्ड, ज्याच्याशिवाय कुठल्याच बॉक्सरला रिंगमध्ये पाऊल टाकू देत नाहीत, ते गायब होतं.

भाच्याला सगळे चिमणा म्हणत. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, म्हणून आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. पुढे तो दारातून वाकून आत यायला लागला, हेवीवेटमध्ये उतरला, एकामागून एक गडी लोळवत सुटला, तरी नाव काही बदललं नाही. आज त्याच्यासमोर होता खांब. खांब म्हणजे या खेळातलं जुनं खोड. हरला असेल, पण इतक्या वर्षांत कुणी त्याला आडवा केलेला नव्हता, म्हणून खांब. ही त्याची शेवटची लढत. त्याला जो हरवेल त्याचं नाव झालं म्हणून समजा.

"मामा, काय झालं?" कोपऱ्यातल्या बाकावरून चिमण्यानं विचारलं. गळ्याभोवती टॉवेल, गालांवर वाढलेली दाढी, हातात दुधाची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉ.

"काही नाही रे. तू पडून राहा." मामानं आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि स्वतःची बॅग ओढली. तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. एक हरवलं तर दुसरं हवं म्हणून जादा माउथगार्ड काल रात्री घरी त्यानं स्वतःच्या हातानं बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं.

कप्प्याची चेन नीट लावलेली होती. आत काहीही नव्हतं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं माउथगार्ड या खोलीतल्या कपाटातून गेलं होतं; इथं शंभर माणसं येत-जात होती. पण दुसरं? बॅग सकाळपासून त्याच्या नजरेआड झाली नव्हती; ते घरातूनच गेलं होतं. निघताना त्यानं ताईला, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीला, शब्द दिला होता, "जसा नेतोय तसा आणून देईन." आणि आता कुणीतरी त्याच्या उंबऱ्याच्या आत येऊन गेलं होतं.

२

निरीक्षकबाई आल्या त्या सफरचंद खातच. बॉक्सिंग संघटनेनं लढतीवर देखरेखीसाठी पाठवलेली ही बाई उंचीनं मामाच्या खांद्याला लागत होती, चष्मा दोरीला बांधलेला होता, आणि छोट्या सुरीनं सफरचंदाची एकेक फोड कापून खाण्याची त्यांना सवय होती. लढती भरवणारे भले भले आयोजक त्यांना टरकून असत.

"आणखी काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"बूट?"

"आहेत."

"बुटांच्या नाड्या कापल्यात? अंगरखा फाडलाय? पाण्यात काही टाकलंय?" त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. "मामा, समजा तुम्हाला ही लढत होऊ द्यायची नाही. तुम्ही माउथगार्ड चोराल?"

मामा थबकला.

"कोपऱ्यावरच्या खेळाच्या दुकानात नवीन मिळतं," बाई म्हणाल्या. "गरम पाण्यात बुडवायचं, तोंडात घालून घट्ट चावायचं, झाला दातांचा साचा. चोरानं लढत थांबवायला चोरी केली असेल, तर तो पक्का ढ आहे."

"दुकानातलं कशाला?" मामा म्हणाला. "ज्या दातांच्या डॉक्टरांनी आधीचं बनवलं ते जवळच असतात. त्यांना गाठलं तर संध्याकाळपर्यंत..."

"नको मामा." चिमणा पहिल्यांदाच मध्ये बोलला, हळू आणि तुटक. "दुकानातलं चालेल."

"बघा, किती समजूतदार," मामा बाईंना म्हणाला. पोराचं कौतुक करायची संधी तो संकटातही सोडत नसे. "तयारी म्हणाल तर एक नंबर. गेले पंधरा दिवस मी याला कुणाशी सरावाची लढतही खेळू दिली नाही. लढतीच्या तोंडावर उगीच कुठं लागायला नको. फक्त पॅड." त्यानं खुंटीवर लटकणारी जाड चामडी पॅड दाखवली. "मी ही हातात घालतो, तो ठोसे मारतो. प्रत्येक ठोसा मोठ्यानं मोजायचा, म्हणजे श्वास कोंडत नाही. आणि डावा हात जरा खाली आला, चेहरा उघडा पडला, की माझ्याकडून पॅडची थापटी. माझ्या गुरूनं मला असंच शिकवलं. हा आता इतका तरबेज झालाय की मोजतोसुद्धा मनातल्या मनात."

"कधीपासून?"

"झाला असेल आठवडा."

बाईंनी सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "तर मग चोर ढ आहे, किंवा त्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. असं कुणी आहे तुमच्या घरात?"

मामाची नजर दाराकडे गेली. असं एक माणूस घरात होतं, आणि आज ते पहिल्यांदाच लढतीला आलं होतं. मघापासून ते बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलं होतं.

३

पण बाई आधी गेल्या त्या खांबाकडे. मामा त्यांच्या मागोमाग. त्याच्या मनात अजून एकच आशा होती, की हे कृत्य त्या बाजूचं असावं. परक्यानं दिलेलं दुखणं माणसाला परवडतं.

खांब खुर्चीत बसून गुडघ्याला पट्टा बांधत होता. केस पिकलेले, नाक दोन ठिकाणी मोडून बसलेलं, आवाज मात्र शाळेतल्या शांत शिक्षकासारखा.

"मला त्याचं माउथगार्ड काय करायचंय?" तो म्हणाला. "माझ्या तोंडात बसणार आहे का ते?"

"पोरगा बिथरावा म्हणून," मामा तडकला.

"मामा, या वयात मी रात्री उठून लोकांच्या घरात शिरेन? मला जिना चढायला कठडा लागतो." खांब हसला, मग हसू आवरून बाईंकडे वळला. "बाई, त्या पोराचा आवाज कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"काल वजन केलं तेव्हा आम्ही नाकाला नाक लावून उभे होतो. फोटोवाल्यांसाठी. मी त्याला डिवचलं. तरुण पोरं अशा वेळी जबडा वासून ओरडतात, शिव्या देतात. हा दात न उघडता बोलला."

"राग गिळत होता," मामा म्हणाला.

"असेल."

"वजन किती भरलं त्याचं?" बाईंनी विचारलं.

"मागच्यापेक्षा चार किलो कमी," मामा अभिमानानं म्हणाला. "चरबी झडली."

"हेवीवेटला वरची मर्यादा नसते," बाई जणू स्वतःशीच बोलल्या. "उतरवायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मामाला ते आत्ता जाणवलं. तो दाराकडे वळला तेव्हा खांब मागून म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण ज्यानं चोरलं त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केलं असतं."

"म्हणजे?"

खांबानं पट्टा घट्ट ओढला. "लढतीआधी मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला, आणि खरंच पुढे एक अक्षर बोलला नाही.

४

"मीच घेतलं," ताई म्हणाली.

बाईंनी नुसतं 'नमस्कार' म्हटलं होतं. बाकावर बसलेली बारीकशी ताई ताठ झाली आणि पुन्हा म्हणाली, "दोन्ही मीच घेतली. टाकून दिली. आता लढत होणार नाही ना?"

"ताई!" मामा ओरडला.

"ओरडू नकोस. मला झोप नाही महिनाभर. त्या खांबानं कुणाकुणाचं काय केलंय ते शेजारीपाजारी मला मुद्दाम येऊन सांगतात."

बाई तिच्या शेजारी टेकल्या. "कुठल्या रंगाचं होतं हो ते?"

ताई अडखळली. "रंग... पांढराच की. दातांसारखा."

मामानं डोळे मिटले. माउथगार्ड निळी होती, गडद निळी. रिंगमध्ये चिमणा हसला की लांबूनसुद्धा तोंडात निळा पट्टा दिसे. पण ताईनं पोराची एकही लढत पाहिलेली नव्हती. टीव्हीवर लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बसे.

"नाही ना घेतली?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

"नाही घेतली. पण घ्यायला हवी होती. सुचलं नाही मला." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मलाच चोर ठरवा ना. माझी काही हरकत नाही. पोरगं आठवडाभर धड जेवलं नाही. सगळं मिक्सरमधून काढून प्यायला मागतो. घास गिळवत नाही म्हणतो. याच्या आखाड्यातली पोरं फिदीफिदी हसतात, आता कुठं चिमणा नावाला जागला म्हणून."

मामाही हसला होता. पहिल्यांदा तो विनोद त्यानंच केला होता.

"भीतीनं होतं असं," तो म्हणाला. "मोठ्या लढतीआधी मलाही व्हायचं."

"तुम्हाला दाढी वाढवावीशीही वाटायची?"

"ते नवस बोलल्यासारखं असतं. जिंकेपर्यंत करायची नाही."

"हं." बाई उठल्या, चष्मा पुसला आणि मामाला थोडं बाजूला घेतलं. "काल रात्री तुमच्या घरात कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंच."

"कुलूप तुटलेलं नाही, चेन नीट लावलेली. म्हणजे चोर तिघांतलाच. ताईंना रंगही ठाऊक नाही. उरले दोन." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यातले एक तुम्ही."

५

मामा बाईंच्या मागोमाग परत खोलीत आला. आपण काही घेतलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नेमकी त्याचीच त्याला भीती वाटत होती.

चिमणा बाकावरच होता. समोर दुकानातून आणवलेलं नवं माउथगार्ड, शेजारी गरम पाण्याचं भांडं. बाईंनी ते भांडं उचलून दूर ठेवलं.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "मला एक गोष्ट उमगत नव्हती. जुनं घेऊन जायचं, म्हणजे नवं आणावं लागतं. बास, एवढंच होतं या चोरीनं. लढत थांबत नाही. तर मग, नवं कुणाला हवं होतं?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"जुन्यात दोष काय होता? काहीच नाही. डॉक्टरांनी साचा घेऊन बनवलेलं, वरच्या दातांवर चपखल. आणि वापरून वापरून त्याच्या खालच्या बाजूला खालच्या दातांच्या खुणा उमटलेल्या असतात. आज लढतीआधी आमचे डॉक्टर ते लावून, चावून दाखवायला सांगणार. दात त्या खुणांमध्ये बसायला हवेत. बसले नाहीत तर डॉक्टर विचारतील, का बाबा, माउथगार्ड तेच आहे, मग दात कुठं सरकले?"

"दात कसे सरकतील?" मामा म्हणाला.

बाईंनी सफरचंद काढलं. फोड कापली नाही. अख्खं सफरचंद त्यांनी चिमण्यापुढे धरलं. "एक घास घे. घेतलास तर मी तुझी माफी मागेन आणि निघून जाईन."

चिमण्यानं सफरचंद हातात घेतलं. त्या पंजात ते लिंबाएवढं दिसत होतं. घे रे राजा, मामा मनातल्या मनात म्हणत होता, कचकन तोड लचका आणि या बाईचं तोंड बंद कर. चिमण्यानं ते ओठांपर्यंत नेलं. कपाळावर घाम आला. ओठ उघडले, त्यामागे दात बोटभरसुद्धा उघडले नाहीत. त्यानं पुन्हा जोर केला, डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि दाढीत जिरलं. मग त्यानं सफरचंद हळूच बाकावर ठेवलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि शेजारी ठेवली. आत दोन निळी माउथगार्ड होती.

"टाकून द्यायला गेलो होतो," तो दातांमागून पुटपुटला. "टाकवली नाहीत."

"जबडा मोडलाय," बाई म्हणाल्या. "निदान तडकलाय. म्हणून दूध, म्हणून वजन उतरलं. सूज दिसू नये म्हणून दाढी. दातांचा डॉक्टर नको, कारण तो तोंडात बघणार. नव्याला मात्र आत्ता जसे दात मिटतात तसा साचा देता येईल. पोरा, या जबड्यावर खांबाचा एक ठोसा बसला तर काय होईल माहीत आहे?"

"चुकवला असता."

"कुणी मारलं तुला?"

चिमण्यानं मान खाली घातली. "सरावात लागलं. कुणाचा लागला ते आठवत नाही."

"कसं आठवत नाही?" मामा उसळला. इतका वेळ साठलेल्या भीतीला एकदाची वाट सापडली होती. "नाव सांग त्याचं! लढतीआधी माझ्या पोराच्या तोंडावर हात टाकतो म्हणजे काय? कोण आहे तो? मी पंधरा दिवस तुला कुणाशी..."

तो तिथंच थांबला.

पंधरा दिवस त्यानं पोराला कुणाशीच खेळू दिलं नव्हतं. पंधरा दिवसांत या तोंडाजवळ एकाच माणसाचा हात गेला होता.

त्याची नजर खुंटीवर गेली. तिथं ती चामडी पॅड शांतपणे लटकत होती. आठवडाभरापूर्वीची सकाळ त्याला लख्ख आठवली. चिमणा दमलेला, डावा हात सारखा खाली येत होता, आणि मामा चिडलेला. "मोज मोठ्यानं!" तो ओरडला होता. पोरानं मोजायला तोंड उघडलं, हात खाली आला, आणि मामानं दिली ठेवून. रोजच्यापेक्षा जरा जोरात. पॅडच्या सरावाला माउथगार्ड कोण घालतं? घातलं तर मोजणार कसं? चिमणा क्षणभर गाल धरून उभा राहिला होता. मग त्यानं हात वर केला आणि पुढे सगळा सराव न मोजता केला. मामाला वाटलं होतं, पोरगा शिकला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मामा दुपारपासून चोर शोधत हिंडत होता.

"मामा," चिमणा दात मिटूनच घाईघाईनं बोलला, "तसं काही नाही. अक्कलदाढ येतेय माझी, तीच आधी दुखत होती. तू मुद्दाम नाही केलंस. आईला सांगू नकोस. बाई, तुम्हीपण नका सांगू. जिंकलो असतो तर कुणाला कळलंही नसतं."

६

लढत रद्द झाल्याचं मामानं स्वतः जाऊन आयोजकांना सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, मी सांगते. तो नको म्हणाला. संघटनेच्या डॉक्टरांनी जबडा चाचपला, अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेपाशी हाड तडकलंय म्हणाले, लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं.

गाडीची वाट बघत चिमणा, मामा आणि ताई खोलीत होती तेव्हा खांब दारात आला, साध्या कपड्यांत.

"तुम्हाला कळलं होतं," मामा त्याला म्हणाला. "कालच."

"शंका होती."

"मग आज तुम्ही काय केलं असतं?"

खांबानं चिमण्याकडे पाहिलं. "पहिल्याच फेरीत तिथंच मारलं असतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तेच माझं काम आहे. मी वाट बघत होतो, तुमच्यापैकी कुणाला तरी दिसेल म्हणून." मग तो पुढे झाला, चिमण्याच्या दुखऱ्या गालाला लागणार नाही अशा बेतानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. त्याची शेवटची लढत आधीच होऊन गेली होती, हे त्याला आत्ता कळत असावं.

ताईला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं. पोराला लागलंय, लढत नाही, एवढंच तिला कळलं होतं, आणि ती सुटकेनं रडत होती. चिमणा मामाकडे एकटक बघत होता; मान अगदी थोडी हलवून नको, नको म्हणत होता. गप्प बसणं किती सोपं होतं. पोरानं तर आठवडाभर करून दाखवलं होतं.

"ताई," मामा म्हणाला, "जसा नेतोय तसा आणून देईन म्हणालो होतो."

"जाऊ दे रे. लागतं खेळात."

"खेळात नाही लागलं. माझ्या हातानं लागलं. पॅडनं. त्याचा हात खाली आला म्हणून मी मारलं."

ताईचं रडणं थांबलं. ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग त्याच्या हातांकडे. ते हात कुठं ठेवावेत हे मामाला कळेना. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, वाटलं तर एक ठेवून द्यावी, असं त्याला फार फार वाटलं.

बाकावर बाई विसरून गेलेलं सफरचंद होतं, सुरीसकट. ताईनं ते उचललं, मधोमध कापलं, पिशवीतून चमचा काढला आणि एका अर्ध्याचा गर खरवडायला लागली, दात न आलेल्या बाळासाठी खरवडतात तसा.

"आ कर," ती चिमण्याला म्हणाली.

त्याला जेवढं उघडता आलं तेवढं तोंड त्यानं उघडलं. मामाला त्या फटीतून आतली सूज दिसली, लाल आणि टचटचीत. आठवडाभर ती तिथंच होती. त्यानं पोराची पावलं बघितली होती, खांदे, मुठी, श्वास, सगळं बघितलं होतं. ताई चमच्यामागून चमचा भरवत होती, आणि तो धिप्पाड पोरगा डोळे मिटून गिळत होता.

अर्धं संपल्यावर तिनं दुसरं अर्धं उचललं. त्याची फोड कापली आणि मान वर न करता भावापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "तूही सकाळपासून उपाशी आहेस."

मामानं फोड तोंडात घातली. त्याचे सगळे दात शाबूत होते, जबडा धडधाकट होता. पण ती फोड त्याला काही केल्या चावेना.